मीटिंगमध्ये मधेच तोडलं तर
आपण बोलत असताना कोणी मधेच तोडलं की आपण बऱ्याचजणी गप्प बसतो आणि मग घरी भांडी घासताना एकेक भारी उत्तरं सुचतात (माझं तर नेहमीचंच), त्यापेक्षा तिथेच शांतपणे 'एक मिनिट, माझं पूर्ण करते' म्हणायचं आणि बोलत राहायचं, सॉरी बिरी नको. वाद झालाच तर त्याच दिवशी छोटा मेल टाका, काय ठरलं आणि कोणी काय करायचं एवढंच, टोमणे नाहीत. पण प्रकार अश्लील बोलण्याचा, नकोशा स्पर्शाचा असेल तर 'समजुतीने घ्या'वाल्यांचं ऐकू नका, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागतेच, तिच्याकडे लेखी तक्रार प्रकार घडल्यापासून ३ महिन्यांत द्यायची असते, म्हणून तारखा आणि स्क्रीनशॉट पहिल्यापासून जपून ठेवा.