बीपी वाढलेल्या गरोदरपणात रक्ताचे रिपोर्ट तारखेने लावा

मी उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. गेल्या पावसाळ्यात तेहेतिसावा आठवडा चालू असलेली एक मुलगी आली. बीपी १५०/१००, पायांवर सूज. सासूबाईंनी कॅरीबॅगमधून रिपोर्ट काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "मॅडम, रक्त सगळं नॉर्मल आहे."

मी ते कागद तारखेने लावले. प्लेटलेट आठ दिवसांपूर्वी २,३०,०००, चार दिवसांपूर्वी १,७५,०००, आदल्या दिवशी १,५२,०००. लॅबची खालची मर्यादा दीड लाखाची, त्यामुळे एकही आकडा ठळक छापलेला नव्हता. आम्ही लगेच पुन्हा रक्त पाठवलं. आकडा आला १,१८,०००.

प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून किडनी-लिव्हरवरही परिणाम करणाऱ्या या आजारात, बाळंतपण कधी करायचं हे एका रिपोर्टवर ठरत नाही. आकडे कुठे निघालेत आणि किती वेगाने, ते बघावं लागतं. म्हणून घरच्यांनी एक काम करा. वहीचं एक पान घ्या आणि रकाने पाडा: तारीख, आठवडे, बीपी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरचे आकडे). आठवडे पाळीच्या तारखेवरून आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून धरा. या आजारात बाळाची वाढ खुंटते, त्यामुळे उशिराच्या सोनोग्राफीत दिवस कमी दिसतात आणि सगळा हिशेब चुकतो.

आता आकडे वाचताना. प्लेटलेट १ लाखाखाली, क्रिएटिनिन १.१ च्या वर, एसजीओटी-एसजीपीटी नेहमीच्या दुपटीहून जास्त: यातलं एकही झालं तर आजार गंभीर धरतात. पण क्रिएटिनिनकडे जरा नीट बघा. लॅबच्या कागदावरची मर्यादा गरोदर नसलेल्या माणसांची असते. गरोदरपणात किडनी जास्त रक्त गाळते, म्हणून क्रिएटिनिन साधारण ०.४ ते ०.८ इतकं खाली असतं. ०.५ वरून ०.९ झालं तर कागद नॉर्मल म्हणेल, मी म्हणणार नाही.

हिमोग्लोबिनचंही तसंच. १० वरून चार-पाच दिवसांत १२.५ झालं की घरचे खूश होतात, गोळ्या लागू पडल्या म्हणतात. लोहाच्या गोळ्यांनी इतक्या लवकर एवढं वाढत नाही. रक्तातलं पाणी बाहेर झिरपून सूज येतेय आणि रक्त घट्ट होतंय, असा अर्थ असू शकतो. उलट लिव्हरच्या रिपोर्टमधलं अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, ते वारेतूनही येतं. लघवीतल्या प्रोटीनने आजार ओळखायला मदत होते, पण ते वाढलं एवढ्यावरून बाळंतपणाची घाई करायची नसते.

प्लेटलेट एकदम कमी आल्या तर स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खात्री करायला सांगा. नळीत गुठळ्या झाल्या तरी मशीन कमी मोजतं. मात्र त्या खात्रीसाठी बाईला घरी पाठवू नका.

गंभीर लक्षणं नसतील तर आम्ही ३७ आठवड्यांपर्यंत थांबतो. रक्त आठवड्यातून एकदा-दोनदा, बीपी त्याहून कितीतरी जास्त वेळा. गंभीर आजार आणि ३४ आठवडे पूर्ण, तर थांबत नाही. ३४ च्या आत आई आणि बाळ दोघं स्थिर असतील, तरच नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या दवाखान्यात दाखल ठेवून वाट बघता येते. बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅमचे चार डोस, दर १२ तासांनी, आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट. पण प्लेटलेट घसरतायत, लिव्हरचे आकडे चढतायत आणि रक्तपेशी फुटतायत, म्हणजे हेल्प सिंड्रोम असेल, तर कितीही आठवडे असोत, आईला स्थिर करून बाळंतपण करावंच लागतं.

"आठव्या महिन्यातलं बाळ जगत नाही" असं मला आजही ऐकवतात. आजी, हे खरं नाही. पोटात जितके जास्त आठवडे, तितकी बाळाची ताकद जास्त. थांबायचं नाही म्हणतो ते आईसाठी.

शहरात पीएलजीएफची, म्हणजे वारेतून रक्तात येणाऱ्या एका प्रोटीनची, महागडी तपासणीही मिळते. संशय असताना एसएफएलटी-१ (वारेतूनच येणारं दुसरं प्रोटीन) आणि पीएलजीएफचं गुणोत्तर ३८ किंवा कमी आलं, तर पुढच्या आठवड्यात हा आजार होण्याची शक्यता फार कमी. त्यासाठी ती चांगली. बाळंतपणाची वेळ मात्र तिच्यावर ठरवू नये, असं ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनातही आहे.

आणि रिपोर्ट कालच चांगला आला असला तरी छातीखाली किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं, उलट्या, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा बीपी १६०/११० झालं, तर पित्ताची गोळी देऊन झोपवू नका. त्याच रात्री आणा. १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या आणि गाडी मोफत आहे.

त्या मुलीला डेक्सामेथासोनचा पहिला डोस देऊन आम्ही मेडिकल कॉलेजला पाठवलं. तिथे प्लेटलेट ९४,००० आल्या आणि दुसऱ्या दिवशी बाळंतपण झालं. बाळ १६०० ग्रॅमचं, तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं, आता रांगतं.

वहीचं पान फाईलच्या सगळ्यात वर लावा. त्यावर दोन गोष्टी मोठ्या अक्षरात लिहा: रक्तगट आणि शेवटचं कधी खाल्लं. भूल देणारे डॉक्टर आल्या आल्या तेच विचारतात.