बाळाला रोज शी होत नाही? दिवस मोजताना या चुका टाळा

सहा दिवसांच्या बाळाने चोवीस तासांत एकदाही शी केली नसेल, तर त्याला पुरेसं दूध मिळतंय का हे त्याच दिवशी तपासून घ्यायला हवं. दोन महिन्यांच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाने पाच दिवस शी केली नाही, पण ते हसतंय, पितंय, वजन घेतंय, तर बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. घरोघरी नेमकं उलटं चालतं. पहिल्या आठवड्यात ‘होईल उद्या’ म्हणून सोडून देतात आणि दोन महिन्यांच्या धडधाकट बाळामागे औषधांच्या बाटल्या घेऊन लागतात.

तारखा बघणं, डायपर न बघणं

बद्धकोष्ठता म्हणजे शी कडक होणं. ‘किती दिवस झाले’ हा प्रश्न त्याच्या नंतरचा. आठवड्याने झालेली शी मऊ, पसरट असेल तर ती बद्धकोष्ठता नव्हे. उलट रोज होते, पण शेळीच्या लेंड्यांसारखे कोरडे खडे पडतात, बाळ कळवळून रडतं, तर रोज होऊनही ती बद्धकोष्ठताच.

डोळ्यांनी अंदाज येत नसेल तर साधी चाचणी करा. डायपर टाकून देण्याआधी त्याची घडी घाला आणि बाहेरून शीवर बोटाने दाबा. आत पसरली तर मऊ आहे. गोळा तसाच टणक लागला आणि डायपरवर ओल दिसत नसेल तर कडक आहे. शीवर बाहेरच्या बाजूने लालभडक रक्ताची बारीक रेघ असेल तर कडक शीमुळे गुदद्वाराशी चीर पडली असण्याची शक्यता असते. तरीही लहान बाळाच्या शीत रक्त दिसलं तर डॉक्टरांना दाखवायचंच.

अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी, सैल, मोहरीएवढे कण असलेली असते. पावडरच्या दुधावरच्या बाळाची जरा घट्ट, तपकिरीकडे झुकणारी, टूथपेस्टसारखी. दोन्ही नॉर्मल. शेजारच्या बाळाशी तुलना करताना त्याचं वय किती आणि ते कोणतं दूध पितं, हे आधी विचारा.

पहिल्या सहा आठवड्यांत ‘दूध सगळं पचतंय’ म्हणून निवांत राहणं

ही या यादीतली सगळ्यात महागात पडणारी चूक. अंगावरचं दूध जवळजवळ पूर्ण पचतं, मागे फारसा चोथा उरत नाही, म्हणून शी कमी होते, हे खरं आहे. पण ते साधारण सहा आठवड्यांनंतर. त्याआधी शी म्हणजे पोटात किती दूध गेलं त्याचा हिशेब असतो.

पूर्ण दिवसांच्या बाळाची पहिली काळी, डांबरासारखी चिकट शी बहुतेक वेळा २४ तासांत होते. ४८ तास उलटूनही झाली नाही तर बाळ कितीही छान दिसत असलं तरी तपासणी लागते. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशीच नसणं, म्हणजे हर्षस्प्रुंग आजार, याची पहिली खूण बऱ्याचदा हीच असते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास शी हिरवट होते, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. पाचव्या दिवशीही काळीच असेल तर दूध कमी पडत असण्याची शक्यता मोठी.

त्यानंतर अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसाला निदान तीन शी आणि सहा चांगल्या ओल्या लंगोट्या अपेक्षित. बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा प्यायला हवं. जन्मानंतर घटलेलं वजन दोन आठवड्यांत परत जन्माच्या वजनावर यायला हवं आणि पुढे पहिल्या तीन महिन्यांत रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ दिसायला हवी. शी कमी आणि वजनही रखडलेलं, असं असेल तर पोट साफ होण्याच्या औषधाने काहीच साधत नाही. बाळ स्तन नीट तोंडात घेतंय का, गिळण्याचा आवाज येतोय का, हे जाणकाराने समोर बसून बघायला हवं.

सहा आठवड्यांनंतर मात्र चित्र पालटतं. आतापर्यंत प्रत्येक पाजण्यानंतर आतडं हलायचं, ती प्रतिक्रिया मंदावते. फक्त अंगावर पिणारी काही बाळं सात-दहा दिवसांनी एकदाच करतात आणि मग अशी भरभरून करतात की कपडे, चादर, सगळंच बदलावं लागतं. पोट मऊ असेल, वारा सरत असेल, वजन वाढत असेल, तर वाट बघायला हरकत नाही.

कुंथणं म्हणजे बद्धकोष्ठता, असं धरून चालणं

बाळ दहा-पंधरा मिनिटं लालबुंद होऊन कुंथतं, पाय आखडतं, किंचाळतं आणि शेवटी मऊ शी करतं. आईबाप घाबरतात, पण यात शीची काही चूक नसते. शी करायला दोन गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात: पोटाने खाली जोर द्यायचा आणि गुदद्वाराचे स्नायू सैल सोडायचे. लहान बाळ वरून जोर देतं आणि खालून दार घट्ट मिटून धरतं. रडल्याने पोटातला दाब वाढतो, म्हणून ते रडतं. सरावाने काही आठवड्यांत हे आपोआप जमतं.

अशा वेळी बाळाला पाठीवर झोपवा, गुडघे हलकेच पोटाकडे वळवून पाच-दहा सेकंद धरा, सोडा, पुन्हा करा. उकिडवं बसल्यासारखी ही स्थिती झाली की खालचा मार्ग सरळ होतो. याहून जास्त मदत त्याला लागत नाही.

साबणाची कांडी, कापसाचा बोळा, थर्मामीटर

यातलं काहीही गुदद्वारात घातलं की लगेच शी होते, म्हणूनच ही सवय सुटत नाही. खालून चाळवलं की आतडं रिकामं होतं, पण दार स्वतः सैल सोडायचा धडा बाळ शिकत नाही आणि पुढच्या वेळीही चाळवण्याचीच वाट बघतं. साबणाने आतलं नाजूक अस्तर भाजल्यासारखं होतं. काडीने इजा होते. ग्लिसरीनची वडीसुद्धा डॉक्टरांनी सांगितली तरच, सांगितली तितक्याच वेळा. घरात पडलेला मोठ्यांचा फॉस्फेटचा एनिमा लहान बाळाला कधीही देऊ नये. त्याने रक्तातल्या क्षारांचं प्रमाण जिवावर बेतेल इतकं बिघडू शकतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी. असं काही घातल्याबरोबर शी आणि वारा फवाऱ्यासारखा जोरात बाहेर आला आणि फुगलेलं पोट एकदम बसलं, तर ‘उपाय लागू पडला’ म्हणून खूश होऊ नका. हर्षस्प्रुंगमध्येही असंच होतं. डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा.

पाणी, मध आणि ‘थोडंसं’ काहीतरी

सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी नको. इवल्याशा पोटात पाणी गेलं की तितकं दूध कमी जातं, आणि त्याची मूत्रपिंडं जास्तीचं पाणी पटकन बाहेर टाकू शकत नाहीत. रक्तातलं सोडियम पातळ होऊन झटके येऊ शकतात. उन्हाळ्यात तहान लागेल म्हणाल, तर जास्त वेळा पाजणं हेच त्याचं पाणी.

मध एक वर्षापर्यंत वर्ज्य. अगदी बोटाने चाटवण्यापुरताही नको, आणि पदार्थात शिजवलेलाही नको. मधात बोट्युलिझमच्या, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या, जंतूंचे बीजाणू असू शकतात. बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. गंमत म्हणा की दैवदुर्विलास, या आजाराचं पहिलं लक्षण बहुधा बद्धकोष्ठताच असतं. मग चोखणं मंदावतं, रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, मान लुळी पडते. म्हणजे ज्यासाठी मध चाटवला तेच वाढतं, आणि घरातले आणखी मध चाटवतात.

एरंडेल किंवा पातळ पॅराफिन तोंडाने देऊ नये. तेलकट द्रव ठसक्याबरोबर फुप्फुसात गेला तर तिथे न्यूमोनिया होतो. मोठ्यांची रेचकं थेंबभरही नकोत. आणि शी होत नाही म्हणून अंगावरचं दूध बंद करून पावडर सुरू करणं हा तर उफराटा उपाय. पावडरच्या दुधाने शी आणखी घट्ट होते.

पावडरचं दूध चुकीच्या क्रमाने बनवणं

बाटलीवरच्या बाळाची शी खरोखर कडक होत असेल तर औषधाआधी ओट्यापाशी उभं राहून दूध कसं बनतंय ते बघा. चूक बहुधा तिथेच सापडते.

बाटलीत आधी तीन चमचे पावडर टाकली आणि मग ९० मिलीच्या रेघेपर्यंत पाणी भरलं, की दूध दाट झालंच. पावडर स्वतःच १० मिलीच्या आसपास जागा खाते, म्हणजे पाणी ८० मिलीच गेलं. प्रत्येक बाटलीत हे होत राहिलं तर बाळाला दिवसभर पाणी कमी पडतं, आतडं उरलंसुरलं पाणी शोषून घेतं आणि शी कोरडी होते. म्हणून पाणी आधी: बाटली सपाट जागी ठेवून, डोळे रेघेच्या पातळीवर आणून मोजायचं. मग पावडर. हलवल्यावर दूध रेघेच्या थोडं वर येतं. ते तसंच असायला हवं.

चमचा त्याच डब्यातला हवा. एका डब्यात ३० मिलीला एक चमचा असतो, दुसऱ्यात ६० मिलीला एक, त्यामुळे डबा बदलला की चमचाही बदलतो. पावडर दाबून भरू नका, शीग ठेवू नका. सुरीच्या पाठीने वर सपाट करा. पाणी उकळल्यानंतर मोजा, कारण उकळताना ते आटतं. उकळलेलं पाणी निदान ७० अंश सेल्सिअस गरम असतानाच पावडर मिसळा, म्हणजे पावडरमधले जंतू मरतात. मग बाटली वाहत्या थंड पाण्याखाली धरून दूध कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून बघा.

याच्या उलट चूकही होते. ‘पातळ केलं तर पोट साफ होईल’ म्हणून पाणी वाढवतात. त्याने बाळ उपाशी राहतं आणि सोडियमचा धोका पुन्हा उभा राहतो. बाटलीत पिठासारखं काही घालून दूध घट्ट करणं तर नकोच.

काही पावडरींनी शी इतरांपेक्षा घट्ट होते. पाम तेलातलं फॅट आतड्यात कॅल्शियमशी मिळून साबणासारखे कण बनवतं. त्यामुळे पावडर बदलल्याने कधी फरक पडतो, हे खरं. पण दर तीन दिवसांनी डबा बदलला तर कशाने काय झालं हे कळतच नाही. डॉक्टरांशी बोलून एकदा बदला आणि निदान एक-दोन आठवडे थांबा. लोहामुळे होतं म्हणून लोह नसलेली पावडर शोधू नका. बाळाला लोहाची गरज असते.

पोट चोळताना दिशा चुकणं

बाळाकडे तोंड करून बसलात की घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेने: बाळाच्या उजव्या कुशीतून वर, बरगड्यांखालून आडवं, डाव्या बाजूने खाली. मोठं आतडं असंच वळलेलं असतं. बोटांचा दाब हलका, हात कोमट, पाजल्यानंतर अर्धा-पाऊण तास गेलेला. नाळ गळून बेंबी सुकलेली नसेल तर थांबा. पायांची सायकल, कोमट पाण्याची आंघोळ, हेही चालतं. बाळ आखडून घेत असेल तर तिथेच सोडून द्या.

वरचं अन्न सुरू झाल्यावर

खरी बद्धकोष्ठता पुष्कळदा इथूनच सुरू होते. म्हणूनच ‘शी होत नाही, चार महिन्यांतच भरवायला घेऊ’ हे गणित चुकतं. सहा महिन्यांनंतर अन्नाबरोबर घोट-घोट पाणी द्या, दिवसाला एकूण १२० ते २४० मिली पुरे. नासपती, पीच, प्रून (सुकवलेलं आलुबुखार) यांचा गर शी सैल करतो, कारण त्यातली सॉर्बिटॉल नावाची साखर आतड्यात पाणी ओढून ठेवते. नुसत्या तांदळाच्या सिरियलने आणि कच्चट केळ्याने शी घट्ट होते. एक वर्षाआधी गाईचं दूध मुख्य दूध म्हणून देऊ नये.

‘अजून एक दिवस बघू’ म्हणणं

काही लक्षणांमध्ये एक तासही बघायचा नसतो. हिरवी उलटी हे त्यातलं पहिलं. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, थेट इस्पितळ गाठा. पोट टम्म, टणक, चकाकणारं. बाळ पीत नाही, उठवूनही उठत नाही. तीन महिन्यांखाली ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप. फुगलेल्या पोटाबरोबर घाण वासाचे फवारे. वर सांगितलेलं क्षीण रडणं आणि लुळी मान. यांपैकी काहीही असेल तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

पांढरट, खडूसारखी किंवा फिकट राखाडी शी मऊ असली तरी नॉर्मल नसते. दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकून असेल तर यकृतातल्या पित्ताचा मार्ग बंद असल्याची शंका घ्यावी लागते. त्यावरची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर यशाची शक्यता जास्त असते, म्हणून इथे एकेक दिवस मोलाचा. बाळ सुस्त, जीभ जाड, कावीळ रेंगाळलेली आणि शी घट्ट, असं असेल तर थायरॉइडची तपासणी झाली होती का ते विचारा.

डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांची नोंद न्या: किती वेळा पाजलं, बाटलीत किती मिली, किती ओल्या लंगोट्या, शी केव्हा आणि कशी, आणि आजवर काय काय देऊन झालं. शेवटचं लपवू नका, मध असो वा साबण. शीचा फोटो मात्र दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढा. पिवळ्या बल्बखाली पांढरी शीसुद्धा पिवळी दिसते.