७ नोव्हेंबरच्या प्रदर्शनात सिव्हिल राइट्सचे फोटो लावताय? आधी हे वाचा

१९०० साली ७ नोव्हेंबरलाच बाबासाहेब साताऱ्यात राजवाड्याजवळच्या शाळेत दाखल झाले, म्हणून हा दिवस आता विद्यार्थी दिवस. त्यानिमित्त कॉलेजात नाहीतर वाचनालयात फोटो प्रदर्शन लावणार असाल आणि दलित पँथरच्या जोडीला अमेरिकेतल्या काळ्यांच्या नागरी हक्कांच्या (सिव्हिल राइट्स) चळवळीचे फोटोही घ्यायचे असतील तर घ्याच, फक्त ते व्हॉट्सअ‍ॅपवरनं उचलून थेट प्रिंटला टाकू नका. फोटो खरा असतो हो, खालचं वाक्य गंडलेलं असतं.

रोझा पार्क्सचंच घ्या. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात बसमधली सीट गोऱ्या माणसासाठी सोडली नाही म्हणून त्यांना अटक झाली १ डिसेंबर १९५५ ला. हातात ७०५३ नंबरची पाटी असलेला त्यांचा फोटो सगळीकडं "बसमधून उठल्या नाहीत म्हणून अटक" असं लिहून फिरतो, पण तो आहे फेब्रुवारी १९५६ चा, त्या अटकेनंतर काळ्यांनी शहरातल्या बसवर जो बहिष्कार टाकला त्याबद्दल नेत्यांची धरपकड झाली तेव्हाचा. आणि तो बसमधला, खिडकीतून बाहेर बघतायत आणि मागच्या सीटवर एक गोरा माणूस बसलाय? तो तर २१ डिसेंबर १९५६ चा, म्हणजे कोर्टानं बसमधला भेदभाव बंद करायला लावल्यावर मुद्दाम पोज देऊन काढलेला, आणि मागं बसलेला माणूस युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेचाच रिपोर्टर. फोटो लावा की, पण खाली खरं लिहा, उलट ती गोष्ट वाचायला लोक जास्त थांबतील.

मग शोधायचं कसं? गूगल लेन्स नाहीतर टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या साइटवर फोटो टाकायचा आणि फेसबुक, पिंटरेस्ट सोडून सरळ संग्रहालयाचं किंवा फोटो पुरवणाऱ्या वृत्तसंस्थेचं (एजन्सीचं) पान उघडायचं. त्या काळी पेपरांना पाठवायच्या छापील फोटोच्या (प्रेस प्रिंटच्या) पाठीवर एजन्सीचा शिक्का, तारीख आणि टाइप केलेली कॅप्शनची चिठ्ठी चिकटवलेली असायची. पाठीचा स्कॅन मिळाला तर लॉटरीच समजा. पण तिथली तारीख नीट बघा, कधीकधी ती फोटो काढल्याची नसते, पेपरात छापल्याची असते. पुढच्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा किंवा पांढरा रंग दिसला तर ती पेपरवाल्यांची क्रॉपिंगची आणि टचिंगची कामं, स्कॅन खराब आहे म्हणून फोटोशॉपात पुसत बसू नका.

फोटोत कोण आहे तेही तपासा. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये ३ मे १९६३ ला बिल हडसननं काढलेला, पोलिसी कुत्रा एका काळ्या पोरावर धावून जातोय तो फोटो दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आला. त्यातला पोरगा मोर्चात नव्हता, नुसता बघायला आलेला. आपण खाली "आंदोलक" लिहून मोकळे होतो.

रंगीत फोटो बघून मात्र लगेच खोटा ठरवू नका. एआयनं रंगवलेले ढिगानं फिरतायत हे खरं, पण फोटोग्राफर गॉर्डन पार्क्सनं १९५६ ला लाइफ मासिकासाठी अलाबामात रंगीतच फोटो काढलेले. मूळ काय होतं ते बघून ठरवा.

हक्कांचं म्हणाल तर एपी (असोसिएटेड प्रेस) किंवा गेटी या फोटो विकणाऱ्या संस्थांचे फोटो परवानगीशिवाय नको. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या सरकारी ग्रंथालयाच्या साइटवर यू.एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट या नियतकालिकाचं कलेक्शन आहे, त्यात २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे वॉरन लेफलरचे फोटो सापडतात. प्रत्येक फोटोखाली हक्कांची ओळ असते, ती वाचायची, मग मोठी टिफ फाइल उतरवायची.

प्रिंट १२ बाय १८ इंचांची काढा, त्याला निदान २४०० बाय ३६०० पिक्सेल तरी पाहिजेत. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर कुणी फ्लेक्स स्वस्तात देतो म्हणाला तरी नको, ट्यूबलाइटखाली चमकतो आणि चेहरेच दिसत नाहीत. मॅट पेपर, मागं सनबोर्ड, बास.

कॅप्शनमध्ये कोण, कुठं, कधी, कुणी काढला, एवढं पाहिजेच. फोटोग्राफरचं नाव तर गाळूच नका. मार्टिन ल्यूथर किंगच्या अंत्यविधीत मांडीवर लेकीला घेऊन बसलेल्या कोरेटा किंग यांचा तो फोटो एबनी मासिकाच्या मोनेटा स्लीटचा, १९६९ चं पुलित्झर मिळालेलं त्याला, आणि आपण खाली "साभार : इंटरनेट" लिहिणार? अक्षरं एवढी ठेवा की आजोबांना चष्मा न शोधता वाचता येतील, आणि चहाचा टेबल लांब मांडा.