डिझेलने माखलेली गोठती माती जिवाणूंकडून साफ करताना या चुका टाळा

अंटार्क्टिकात जनरेटरपासून गाड्यांपर्यंत जवळपास सगळं इंधनावर चालतं. आपली मैत्री आणि भारती ही तळंही. तिथे सांडलेलं डिझेल थंडीमुळे वर्षानुवर्षं मातीत तसंच राहतं. ऑस्ट्रेलियाच्या केसी तळावर अशी माती खणून तिचे ढीग रचले आणि तिथल्याच डिझेल खाणाऱ्या जिवाणूंना कामाला लावलं. ही पद्धत चालते. फसते तेव्हा दोष बहुधा जिवाणूंचा नसतो.

पहिली चूक म्हणजे बाहेरून जिवाणू आणायचा विचार. अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपणाऱ्या 1991 च्या माद्रिद कराराने त्यावर कडक बंधनं आहेतच, शिवाय गरजही नाही. डिझेल सांडलं की रोडोकॉकस, स्यूडोमोनास यांसारखे तिथलेच जिवाणू आपोआप वाढू लागतात. अडतं ते नत्र-स्फुरदापायी.

आणि मग त्यांचं खत टाकताना हात सैल सुटतो. ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून हिशोबच मांडते. किलोभर मातीत 5000 मिलिग्रॅम डिझेल असेल तर त्यात कार्बन साधारण 4250. कार्बनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं नत्र, या पुस्तकी नियमाने झालं 425 मिलिग्रॅम. पण त्या कोरड्या मातीत पाणी असतं जेमतेम 50 ग्रॅम, एका कटिंग चहाएवढं! सगळं नत्र त्यात विरघळलं तर लिटरमागे 8500 मिलिग्रॅम होतं. साधारण 2000 च्या पुढे जिवाणूंची वाढ मंदावते, कारण खारं पाणी त्यांना आतून सुकवतं. काम थांबलेलं पाहून लोक आणखी खत टाकतात, आणि उरलेसुरलेही मरतात. नत्र मातीतल्या पाण्यावर मोजा. इथे एका वेळी 100 मिलिग्रॅम पुरे. जास्त पडलंच असेल तर बेताने पाणी शिंपडा.

बेतानेच, कारण ढिगालाही शेतासारखा वाफसा लागतो. चिखल झाला की हवा कोंडते, आणि तो गोठला की बर्फ उरलीसुरली छिद्रंही बुजवतो. ढिगात हवेचे पाइप सुरुवातीलाच घाला.

प्रयोगशाळेत 25 अंशांवर चाचणी करून ‘जिवाणू जोरात आहेत’ म्हणू नका. चाचणी ढिगाच्या खऱ्या तापमानालाच करा, मग वेळ लागला तरी चालेल.

शेवटी, डिझेल कमी झालं म्हणजे ते खाल्लंच गेलं असं नाही; काही उडून जातं, काही वितळत्या बर्फासोबत वाहून जातं. हेप्टाडेकेन आणि प्रिस्टेन या डिझेलमधल्या दोन घटकांचं एकमेकांशी प्रमाण तपासा. दोन्ही जवळपास सारखीच उडतात, पण जिवाणू आधी हेप्टाडेकेनवर तुटून पडतात. ते घटलं आणि प्रिस्टेन मागे राहिलं, तर जिवाणू खरंच कामाला लागलेत.