तीन मिनिटांत पीएचडी सांगायची, तर तयारी कशी करायची?

२००८च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मोठा दुष्काळ होता. पाणी वाचवायला लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं टायमर चिकटवून तेवढ्यात आंघोळ उरकायचे. त्यावरूनच क्वीन्सलँड विद्यापीठाला ‘थ्री मिनिट थीसिस’ ही स्पर्धा सुचली. ८०,००० शब्दांचा प्रबंध मोठ्याने वाचायला नऊएक तास लागतील, तो इथे तीन मिनिटांत सांगायचा, तेही त्या विषयातलं काहीच न शिकलेल्या माणसाला. आज ही स्पर्धा जगभरातल्या शेकडो विद्यापीठांत होते.

नियम आधी नीट वाचा, कारण चांगले वक्ते बाद होतात ते तिथेच. स्लाइड एकच आणि स्थिर. हलणारी चित्रं, आवाज, व्हिडिओ काही नाही. हातात वस्तू नाही, वेशभूषा नाही, कविता किंवा गाणं नाही. तीन मिनिटांवर एक सेकंद गेला तरी स्पर्धेतून बाहेर. घड्याळ तुम्ही बोलून किंवा हालचालीने सुरुवात केलीत की चालू होतं. ब्रिटनमधल्या चेल्टनहॅम विज्ञान महोत्सवात २००५ साली सुरू झालेल्या ‘फेमलॅब’मध्येही वेळ तीन मिनिटांचाच, पण तिथे स्लाइड चालत नाही आणि स्वतःला उचलून नेता येईल ती वस्तू मंचावर नेता येते. म्हणजे एकाच संशोधनाची दोन वेगळी भाषणं तयार करावी लागतात.

समजा, तुमचा विषय आहे हळदीतलं कुरकुमीन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं द्रव्य, नॅनोकणांत (अतिसूक्ष्म कणांत) भरून शरीरात पोचवणं. प्रबंधात पाच प्रकरणं असतील. भाषणात एकच प्रश्न ठेवा. हळद पोटात जाते, पण तिच्यातलं कुरकुमीन रक्तात फारसं उतरत नाही, कारण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मग ते पोचवायचं कसं? बाकी सगळं या प्रश्नाला मदत करत असेल तर ठेवा, नाहीतर काढून टाका. काढताना जीव तुटतो, विशेषतः ज्या प्रयोगावर दोन वर्षं गेली तो काढताना, पण श्रोत्याला तुमच्या कष्टांचा हिशेब नको असतो.

वेळेची वाटणी साधारण अशी करा: प्रश्न उभा करायला २० सेकंद, आजवर अडलं कुठे ते सांगायला ४०, तुम्ही काय केलंत त्याला ७५, हाती काय लागलं त्याला ३०. एकूण २ मिनिटं ४५ सेकंद. उरलेली १५ सेकंदं हातची ठेवा. लोक हसले, तुम्ही अडखळलात किंवा घोट गिळायला थांबलात, तर ती कामी येतात. खर्डा ३००-३३० शब्दांवर थांबवा. ४०० शब्द घेऊन गेलात की धावत बोलावं लागतं आणि धावताना सगळ्यात आधी शब्दांची शेवटची अक्षरं गिळली जातात.

स्पर्धा इंग्रजीत असली तरी पहिला खर्डा मराठीत लिहा, आणि बोलतो त्या मराठीत. ‘बायोअव्हेलेबिलिटी’च्या जागी ‘जैवउपलब्धता’ लिहिलं की सोपं झालं, असं वाटतं. तसं होत नाही, एक कुलूप काढून दुसरं लावल्यासारखं ते आहे. ‘पोटात गेलेल्यापैकी रक्तात किती पोचलं’ हे सोपं. तसंच ‘निरीक्षण करण्यात आले’ नको, ‘मी पाहिलं’ म्हणा. आकड्याला आधार द्या: १०० नॅनोमीटरचा कण म्हणजे केवढा? केसाच्या जाडीत असे सुमारे ८०० कण ओळीने बसतील.

सगळ्यात जास्त वेळ उपमेवर आणि प्रात्यक्षिकावर द्या, कारण खोटं नकळत तिथूनच शिरतं. फेमलॅबसाठी सहज सुचतं ते असं: पेल्यातल्या पाण्यात चमचाभर हळद ढवळायची आणि तळाशी बसलेला गाळ दाखवून म्हणायचं, ‘बघा, कुरकुमीन विरघळत नाही!’ दिसायला छान, पण चूक. त्या गाळात बहुतेक स्टार्च आणि तंतू असतात. कुरकुमीन हळदीत काही टक्केच असतं. परीक्षकांत एखादा रसायनशास्त्रज्ञ असला आणि नंतरच्या प्रश्नोत्तरांत त्याने हेच विचारलं, तर सगळं भाषण कोसळतं. त्यापेक्षा घरूनच दोन बाटल्या तयार करून न्या: एकीत हळद कालवून गाळलेलं पाणी, दुसरीत तसंच गाळलेलं कोमट तेल. तेलाचा पिवळेपणा ठळक दिसतो, पाणी त्यापुढे बरंच फिकं. फोडणीत हळद का रंगते हे घराघरात ठाऊक असतं, आता त्याचं कारणही कळतं: कुरकुमीन पाण्यात नाही, तेलात विरघळतं. थ्री मिनिट थीसिससाठी याच दोन बाटल्यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो ही तुमची स्लाइड. त्यावर शब्द पाच-सहा, आलेख एकही नाही.

दाव्याला लगाम घाला. काम काचेच्या बशीतल्या पेशींवर झालं असेल, तर ‘बशीतल्या पेशींवर’ असंच म्हणा. ‘यातून कर्करोग बरा होईल’ हे वाक्य टाळ्या मिळवतं, पण ज्याच्या घरी रुग्ण आहे तो माणूसही त्याच सभागृहात बसलेला असतो.

सराव विषयाबाहेरच्या माणसासमोर करा. काकू, शेजारी, मेसमधला मित्र, कुणीही चालेल. ‘कळलं का?’ विचारू नका; सगळे हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा, ‘मी काल काय सांगितलं?’ ते जिथे अडखळतील, तिथे खर्ड्यात भोक आहे. घोकंपट्टी मात्र करू नका. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य तोंडपाठ, मधले फक्त टप्पे पक्के. शब्द न् शब्द पाठ केलेल्याचा एक शब्द निसटला की पुढचं सगळंच जातं.

मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढून एकदा आवाज बंद करून पाहा, म्हणजे स्लाइडकडे वळून सभागृहाला पाठ दाखवण्याची सवय लगेच दिसते. स्पर्धेच्या दिवशी तासभर आधी पोचा, कॉलरचा माइक लावून दोन वाक्यं बोलून बघा. कानातल्याचा किंवा ओढणीचा त्याला स्पर्श होत असेल, तर सभागृहभर खरखर ऐकू येते.