पोल्ट्री शेडमधली हवा, फॉगर आणि मरतुकीचं कंपोस्ट : या चुका टाळा

वळवाचा पाऊस पडून गेला की खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यातल्या ब्रॉयलरवाल्यांचा प्रश्न ठरलेला असतो, ऊन तर एवढं नव्हतं मग पक्षी कशानं गेले? बहुतेक वेळा घोळ फॉगरचा, म्हणजे शेडात पाण्याचं बारीक धुकं उडवणाऱ्या यंत्राचा असतो. हवेत आधीच दमटपणा, त्यात सवयीनं फॉगर चालू, वर पावसाची झड आत येईल म्हणून पडदे ओढलेले. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून श्वासातनं ओलावा बाहेर सोडते आणि उकाड्यात मुख्यतः त्यावरच तिचं अंग गार होतं, आता शेडातली हवाच ओलीचिंब असेल तर तो ओलावा जाणार कुठं.

एक साधा हिशोब भिंतीवर लिहूनच ठेवा. तापमान फॅरेनहाइटमध्ये आणि आर्द्रता टक्क्यांत, दोन्हींची बेरीज १६० च्या वर गेली की मोठे पक्षी धोक्यात. अथणी-रायबागकडं एप्रिलच्या दुपारी ९५ अंश आणि ३५ टक्के असेल तर बेरीज १३०, तिथं कोरड्या हवेत फॉगर चांगलं काम करतो. पाऊस पडून गेल्यावर खानापूरला ८६ अंश आणि ८५ टक्के, म्हणजे १७१, आणि आपण म्हणतो आज बरं गार आहे. आर्द्रता ७० च्या पुढं दिसली की फॉगर बंद, पडदे उघडे, पंखे फुल्ल. तापमान-आर्द्रतेचा मीटर मात्र पक्ष्याच्या उंचीवर टांगा, दाराजवळच्या खांबावर टांगून काही कळत नाही. पंखे सगळे एकाच दिशेला तोंड करून लावा, समोरासमोर लावले तर एकाचा वारा दुसरा मारतो. आणि कोरड्या दिवसांतपण फॉगर सलग चालवू नका, थोडा वेळ चालवा, मग बंद करून वाऱ्यानं सुकू द्या.

खाद्याचंही तसंच. ऊन चढल्यावर फीडर उचलून उपयोग नाही, कारण आधी खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होतच राहते, म्हणून दहाच्या आतच उचला आणि ऊन उतरल्यावर सोडा. पाणी भरपूर पाहिजे, पण टाकी पत्र्यावर उन्हात असेल तर दुपारी शेवटच्या निपलचं (पक्षी पाणी पितात त्या तोटीचं) पाणी हातावर घेऊन बघा, कोमट लागतं. टाकीवर सावली करा, पाईपला ओलं बारदान गुंडाळा, लाईनमधलं तापलेलं पाणी मधनं मधनं सोडून द्या.

आता पडदे. पावसाळ्यात आणि थंडीत पिल्लं गारठतील म्हणून शेड चारी बाजूंनी गच्च बंद करतात, मग सकाळी आत गेलं की डोळ्यांतनं पाणी. रोज तिथंच राबणाऱ्या माणसाच्या नाकाला अमोनियाची सवय होते, त्यामुळं त्याला वास येत नाही म्हणजे हवा चांगली असं धरू नका. पक्ष्याच्या उंचीला खाली बसा, दोन मिनिटं श्वास घ्या, डोळे चुरचुरले की हवा बिघडलीय. पडदा खालनं बांधलेला आणि वरनं उघडणारा पाहिजे, म्हणजे गार वारा पिल्लांवर थेट येत नाही आणि घाण हवा वरनं निघून जाते. वरची फट रात्रीपण ठेवा.

लिटर, म्हणजे शेडात खाली अंथरलेला तूस, मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओलं आहे, भुगा सुटला तर ठीक. ओल्या लिटरवर चुना मारायची पद्धत आपल्याकडं लई आहे, पण चुन्यानं अमोनिया उलट जास्त सुटतो. पक्षी आत असताना गळकं निपल आधी दुरुस्त करा, ढेपा काढा, कोरडा तूस टाका. ईसी शेडवाल्यांना (बंद शेड, पंख्यानं ओढलेली हवा ओल्या पॅडमधनं गार होऊन आत येते) एवढंच, दार किंवा पडद्याला फट राहिली तर हवा पॅडमधनं न येता त्या फटीतनं येते आणि पॅड ओला असून काही उपयोग होत नाही.

मरतूक, म्हणजे मेलेले पक्षी, कशी टाकतात ते बघून तर खरंच वाईट वाटतं. पोत्यात भरून ओढ्यात सोडलेले पक्षी शेवटी मलप्रभा, घटप्रभा अशा नद्यांनाच जातात, आणि खालची गावं तेच पाणी वापरतात. खड्डा काढला तर खानापूरकडं पावसात तो पाण्यानं भरतो. त्यापेक्षा छपराखाली, काँक्रीटवर कंपोस्टची पेटी करा. खाली फूटभर जुनं कोरडं लिटर, त्यावर पक्ष्यांचा एकच थर, भिंतीपासून अर्धा फूट आत, मग वर पुन्हा लिटरचा जाड थर. पक्ष्यांचा ढीग करून टाकला की मधे हवा जात नाही, सडतं आणि वास सुटतो. नुसता नवा तूस वापरू नका, तो पाणी धरत नाही आणि लवकर कुजतही नाही, विष्ठा मिसळलेलं लिटर किंवा उसाचं चिपाड त्यात घाला.

लांब दांडीचा थर्मामीटर आत खुपसा, ५५ ते ६५ अंश सेल्सिअस दिसलं पाहिजे. चढतच नसेल तर एक तर कोरडं आहे, नाहीतर पाणी जास्त झालंय, मुठीत दाबल्यावर ओलसर लागलं पाहिजे पण पाणी गळता कामा नये. वास आणि माश्या आल्या तर वरचा थर कमी पडलाय, कुत्री उकरत असतील तरी तेच. तापमान उतरलं की पलटी मारा, हवा मिळाली की ते परत चढतं. या ढिगातपण चुना नको, कुजवणारे जिवाणूच मरतात. तयार झालेलं खत उसाला घाला, भाजीपाल्याला नको, आणि ढिगाचं फावडं शेडात आणू नका.

हे सगळं रोजच्या दोन-चार मरतुकीसाठी. अचानक ढिगानं पक्षी मरायला लागले तर स्वतः पुरू नका, कंपोस्टही करू नका. २००६ ला नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू निघाला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले, आणि २००९ च्या कायद्यानं असा रोग कळवणं बंधनकारक आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा, आणि डॉक्टर येईपर्यंत मेलेले पक्षी बाहेर हलवू नका, खाद्याची किंवा व्यापाऱ्याची गाडी गेटच्या आत घेऊ नका, आणि शेजारच्या शेडात तर पाऊलच टाकू नका.