परदेशातून गावाकडच्या गाडीचा विमा
तुम्ही दुबईत अन् गाडी दर्यापूरकडच्या गावात वडिलांजवळ असेल, तर आधी पॉलिसीवरचा मोबाइल नंबर बघा. तो तुमचा जुना, बंद पडलेला नंबर असला की मुदत संपल्याचा मेसेज कोणालाच पोचत नाही. तुमचा ईमेल आणि घरच्यांचा चालू नंबर आजच नोंदवा. मुदत संपून 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात मिळणारी सूट) जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्के असतो, म्हणजे नुकसान मोठं.

गाडी नुसती शेडमध्ये उभी असली तरी केवळ थर्ड पार्टीवर (तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा विमा) भागवू नका. आग, चोरी, पुराचं पाणी त्यात येत नाही. आईबाबांना अमरावतीला दवाखान्यात नेणाऱ्या भावाचा परवानाही तपासा, तो संपलेला असेल तर क्लेम अडतो.